लांबवालीतला थांबा

गल्लीतले सगळे त्यांना पिपाणीमास्तर म्हणत. पिपाणी खेळण्यांच्या दुकानात मिळते, मी वाजवतो ते क्लॅरिनेट, असं त्यांनी तरुणपणी किती जणांना समजावून सांगितलं असेल! पण नाव ठेवणाऱ्याच्या बापाचं काय जातं? ऐकणारा मान डोलवायचा, "बरोबर आहे, पिपाणीमास्तर" म्हणायचा आणि आपल्या वाटेने जायचा. शेवटी मास्तरांनी नाद सोडला. तसं मास्तर म्हणावं असं तरी त्यांनी कुणाला काय शिकवलं होतं? बाहीवर सोनेरी पट्ट्यांचा लाल कोट घालून लोकांच्या लग्नांत, दुकानांच्या उद्घाटनांत आणि वेळ आली तर अंत्ययात्रेतही क्लॅरिनेट वाजवलं, एवढीच त्यांची आयुष्याची कमाई.

आता तो कोट नव्हता आणि बँडही नव्हता. दोन खोल्यांची जुनी जागा होती, बाहेरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी पलंग होता आणि पलंगावर त्यांची बायको होती. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, आणि जाताना वाचा घेऊन गेली. "त्यांना कळतं सगळं," डॉक्टर म्हणाले, "पण शब्द सापडत नाहीत. हो आणि नाही यांचीसुद्धा गल्लत होते, तेव्हा मान हलवली म्हणून विसंबू नका." लिहायला पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघा. उरला होता तो डावा हात.

आणि या डाव्या हातानेच सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. ती पलंगाच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर बोटं आपटायची. टप, टपटप, टप. असं बराच वेळ चालायचं. मग एकदम थांबायची, मास्तरांकडे बघायची आणि तोंड उघडायची. बाहेर यायचं ते नुसतं "अ... अ...". चेहरा लाल व्हायचा, डोळे भरून यायचे, आणि जवळ वाटी असेल तर वाटी, पेला असेल तर पेला जमिनीवर जायचा. तिला काहीतरी हवं होतं. काय हवं होतं ते कुणालाच कळत नव्हतं.

पाणी देऊन झालं. लघवीचं भांडं देऊन झालं. पंखा लावला, बंद केला, उशी उंच केली, खिडकी उघडली. लेक संध्याकाळी बेकरीतून परस्पर यायची, तिने मोबाईलवर गाणी लावून पाहिली, तर आईने डोळे घट्ट मिटून घेतले. आठवड्यातून एकदा बोलायला शिकवणारी मुलगी यायची. तिने चित्रांचे पुठ्ठे पुढे मांडले: पेला, पलंग, डॉक्टर, आई-बाप-मुलांचं हसरं कुटुंब. बायकोने एका हाताने सगळं कुटुंब पलंगाखाली ढकललं. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींचं मत साधं होतं.

"चाळा लागलाय हो हाताला," त्या म्हणाल्या. "बोटं सोलवटून निघतील अशानं. फडकं गुंडाळून ठेवते."

त्यांनी मऊ फडकं गुंडाळलं, वर गाठ मारली. आवाज दबला, पण आपटणं काही थांबलं नाही. मास्तर स्टुलावर बसून बघत राहायचे. दुसऱ्याच्या घरचा आनंद आपण जन्मभर फुंकून फुगवला आणि आपल्या घरातल्या एकुलत्या एका माणसाला काय हवंय ते आपल्याला कळत नाही, हे त्यांना आतून पोखरत होतं. रागही यायचा. कुणावर काढणार? मग ते उठून तिच्या पायावरचं पांघरूण उगाच नीट करायचे.

आता या सगळ्याचं मूळ फार मागे होतं, आणि खरं सांगायचं तर ते मास्तरांच्या दातांत होतं.

मास्तरांचे वडील इस्त्रीवाले. बँडचे लाल कोट त्यांच्याकडे इस्त्रीला यायचे, आणि ते पोचवायचं काम लहानपणी मास्तरांकडे. एकदा ते कोट घेऊन बँडच्या खोलीशी गेले तेव्हा आत तालमीची तयारी चालली होती. कुणी ढोलाची दोरी ताणतोय, कुणी पितळी भोंग्यातली थुंकी झटकतोय, आणि कोपऱ्यातला एक म्हातारा डोळे मिटून क्लॅरिनेटवर एक लांब सूर धरून बसलाय. तो सूर ऐकून पोरगं दारातच खिळलं. खांद्यावरचे कोट घसरून धुळीला टेकले तरी पत्ता नाही. बँडमालक ओरडायला आला, पण पोराचं तोंड उघडं पडलेलं बघून आधी त्याने त्या तोंडातच डोकावून पाहिलं.

"दात दाखव," मालक म्हणाला.

घोडा विकत घेतल्यासारखी माणसं निवडायची त्याची रीत होती. क्लॅरिनेटचं टोक वरच्या दातांनी धरावं लागतं, त्याला वेताची बारीक पत्ती बसवलेली असते, ती खालच्या ओठावर टेकते. दातांची ओळ वाकडी असली की सूर वाकडा. "कान काय, मारून तयार करता येतात," मालक म्हणायचा, "दात घेऊनच यावं लागतं." मास्तरांची दातांची ओळ पट्टी लावून आखल्यासारखी होती. इस्त्री गेली आणि क्लॅरिनेट हाती आलं.

लिहिलेलं संगीत त्या बँडमध्ये कुणालाच वाचता यायचं नाही. चाल ऐकायची आणि उचलायची. मास्तरांचं डोकं यथातथाच, पण बोटं विसरत नसत. एकदा चाल बोटांत जाऊन बसली की बसली. त्यांच्या आयुष्यातली एकेक गोष्ट अशीच कुठल्या ना कुठल्या चालीच्या खुंटीला टांगलेली होती. पहिला पगार म्हटलं की त्यांना एक उडती, उथळ चाल आठवायची. वडील गेले तेव्हा बँडने अंत्ययात्रेत फुकट वाजवलं, आणि मास्तरांनीही त्यात वाजवलं. रडायला तोंड मोकळं नव्हतं. ती चाल पुढे कधीही निघाली की त्यांना वडील आठवायचे, आणि तरी सूर मात्र साफ निघायचा.

बँडची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. प्रत्येक चालीत प्रत्येकाला कुठे ना कुठे गप्प बसावं लागतं. मोठी भोंगी आपलं म्हणणं मांडत असतात तेव्हा क्लॅरिनेटवाल्याने मनात मोजत राहायचं आणि नेमक्या जागी परत आत शिरायचं. बँडमालक त्याला 'थांबा' म्हणायचा. "थांबा म्हणजे सुट्टी नव्हे," तो बजावायचा. "जो थांब्यावर झोपला, त्याची गाडी चुकली आणि नोकरीही." मास्तरांची गाडी कधी चुकली नाही. बाकी कशात त्यांनी कधी बढाई मारली नाही, पण या एका गोष्टीची मारायचे.

बायको त्यांना भेटली तीही एका थांब्यातच. कुणाच्या तरी लग्नाची मिरवणूक, रणरणतं ऊन, आणि ती मुलीकडच्या माणसांत वाजंत्र्यांना पाणी द्यायला. बाकीच्या पोरी वाजवणाऱ्याच्या नाकापुढे पेला धरून "घ्या ना, घ्या ना" करत होत्या. तोंडात वाद्य असलेला माणूस पाणी घेणार कुठून? ही मात्र पेला धरून मास्तरांच्या बाजूने मुकाट चालत राहिली. थांबा आला तसा तिने पेला पुढे केला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला, आणि ते वेळेवर पुढचा सूर उचलून मोकळे. त्या रात्री त्यांनी घरी सांगितलं की लग्न करीन तर हिच्याशी.

लग्न झालं, दोन खोल्या मिळाल्या, आणि मधल्या लाकडी भिंतीपलीकडे शेजार मिळाला तो रात्रपाळीच्या कामगाराचा. बँडचं काम बहुतेक संध्याकाळी, म्हणजे मास्तरांचा सराव दिवसा. शेजाऱ्याची झोपही दिवसा. पहिल्याच दुपारी मास्तरांनी फुंक मारली तसा तो बनियनवर दारात उभा.

"मास्तर, तुमचं पोट वाजवण्यावर आणि माझं झोपण्यावर," तो हात जोडून म्हणाला. "दोघांनी जगायचं कसं, तुम्हीच सांगा."

माणूस गरीब होता आणि त्याचं म्हणणंही खरं होतं. त्या दिवसापासून मास्तरांचा सराव मुका झाला. पत्ती ओठांत धरायची, पण फुंकायचं नाही. बोटं तेवढी चालवायची. भोकांवर चाव्या पडल्या की टप, टपटप, टप असा आवाज यायचा, एवढंच काय ते संगीत. आणि बायकोच्या वाट्याला आयुष्यभर तेच आलं. बँडवाल्याच्या बायकोला परक्यांच्या लग्नाला कोण बोलावतंय? नवऱ्याच्या सगळ्या चाली तिला पाठ होत्या, पण टपटपीच्या रूपात.

सरावात बोलायचं नाही, हा मास्तरांचा कडक नियम. मध्येच कुणी बोललं की त्यांचं मोजणं चुके आणि मग सगळं पहिल्यापासून. नव्या नवरीने थोडे दिवस तोंड दाबून काढले. एक दिवस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मी बोलायचं तरी कधी? संध्याकाळी तुम्ही लोकांची लग्नं लावता, रात्री येऊन घोरता."

"थांब्यात बोल," मास्तर म्हणाले. म्हणाले ते चेष्टेत. तिने ते खरं धरलं.

आणि बघता बघता तिला सगळ्या चालींचे सगळे थांबे तोंडपाठ झाले. कुठल्या थांब्यात किती बोलणं मावतं याचा तिला बिनचूक अंदाज. छोट्या थांब्यात "दूध नासलं." जरा मोठ्यात "ताई येणारेत, चार दिवस राहतील, तोंड वाकडं करू नका." बोलून झालं की वर "हं, घ्या पुढे," म्हणून ती मोकळी. मास्तरांची बोटं बरोबर त्यावर पुढे निघत. हळूहळू तिची बोलण्याची तऱ्हाच तशी झाली. भाजीवालीलाही ती अख्खं वाक्य देत नसे. गल्लीतल्या बायका म्हणत, पिपाणीमास्तरांची बायको भारी तुटक. त्यांना काय ठाऊक, तिच्या जिभेवर बँडचा ताल बसला होता!

या सगळ्या चालींत एक संथ चाल होती. लग्न उरकलं की मुलीच्या पाठवणीला वाजवायची. तिच्या मधल्या भागात मोठी भोंगी एकटीच बोलत राहतात आणि क्लॅरिनेटला भलामोठा थांबा असतो. बँडमध्ये त्या चालीला काहीतरी दुसरं नाव होतं. घरात तिचं नाव पडलं लांबवाली. आणि मोठी गोष्ट असली की बायको ती लांबवालीसाठी राखून ठेवी.

"अहो, आज लांबवाली घ्या," ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची.

 तेवढ्यावर मास्तर पत्ती ओली करायचे, बोटं चालवायला लागायचे, आणि ती ओले हात पुसत येऊन समोर उभी राहायची. थांबा आला की बोलायची. "अहो, दिवस गेलेत मला. आजच कळलं. कुणाला सांगू नका अजून. हं, घ्या पुढे." मास्तरांना हसू आवरेना, पत्ती ओठांतून निसटायला लागली, पण पुढचा भाग त्यांनी वेळेवर उचलला. तिचे वडील गेल्याची बातमीही तिने लांबवालीतच सांगितली, उभ्या उभ्या, डोळ्यांत टिपूस न आणता, आणि "हं, घ्या पुढे" म्हणून आत गेली ती मग आतूनच हुंदके ऐकू आले. लेकीचं प्रकरणही असंच. "अहो, लेकीने मुलगा बघितलाय. बेकरीत आहे. चांगला आहे. ओरडू नका. जेवायला बोलावलंय रविवारी. हं, घ्या पुढे." ओरडायला जागाच ठेवली नव्हती तिने.

त्या लेकीच्या लग्नात मास्तरांना वाजवायचं होतं. नातेवाइकांनी मोडता घातला, मुलीच्या बापाने रांगेत उभं राहून वाजवणं बरं दिसत नाही म्हणे. पाठवणीला दुसऱ्याच कुणीतरी लांबवाली वाजवली. मास्तर खुर्चीत बसून होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिने ती चाल आवाजासकट ऐकली ती तेवढीच एकदा. घरी आल्यावर म्हणाली, "आपली जास्त चांगली आहे."

पुढे बँडचे दिवस फिरले. हातगाडीवर लाउडस्पीकरचे भोंगे आले, एक पोरगं बटणं दाबून अख्खा बँड वाजवायला लागलं. मालक गेला, लाल कोट कुणीतरी भंगाराच्या भावात उचलले. भिंतीपलीकडचा रात्रपाळीवाला निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला. आता दिवसाढवळ्या छातीभर फुंकलं तरी कुणी हात जोडत येणार नव्हतं, आणि नेमके तेव्हाच मास्तरांचे दात गेले. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नाहीत, ही म्हण त्यांच्याइतकी कुणाला लागू पडली नसेल. कवळी बसवून त्यांनी एकदा फुंकून पाहिलं. कवळी हलली आणि असा चिरका आवाज निघाला की बायको पोट धरून हसली. "आता झालात खरे पिपाणीमास्तर," ती म्हणाली. मास्तरही हसले. मग त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पेटीत घातले, पेटी पलंगाखाली सरकवली आणि सरावही सोडला. त्यानंतर घरात थांबेच थांबे होते, हवं तेवढं बोलता आलं असतं. पण बाईची सवय मोडली नव्हती. बोलायची ती तुटकच.

आणि मग झटका आला.

तर त्या दुपारी मावशी जेवायला घरी गेल्या होत्या आणि मास्तर स्टुलावर बसून दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडत होते. गोळी सबंध गिळता येत नव्हती तिला. फडक्यातून तिचं आपटणं चालू होतं, टप, टपटप, टप. मास्तरांचं लक्ष गोळीकडे. मध्येच त्यांना जाणवलं की चमच्यावरची आपली बोटं हलताहेत. ती गोळी चिरडत नव्हती. एकामागून एक उचलली जात होती, पडत होती, कडेचं बोट लांब जाऊन परत येत होतं. मास्तर बघतच राहिले. बोटं चालली, चालली आणि थांबली. त्याच क्षणी पलंगावरचा हातही थांबला. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

चमचा खाली पडला, गोळीची भुकटी सगळीकडे झाली. लांबवाली होती ती. इतके दिवस लांबवालीच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लेकीने डॉक्टर पालथे घातले, चित्रांचे पुठ्ठे आणवले, आणि जी गोष्ट जगात एकट्या मास्तरांना कळायची ती त्यांच्याच कानांवरून रोज जात होती. चाव्यांवर बोटं पडतात तशी ती लोखंडावर पाडत होती. थांब्यापर्यंत येत होती. म्हणजे तिला पाणी नको होतं, पंखा नको होता. तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते मोठं होतं.

"अगं, लांबवाली ना?" मास्तरांनी फडक्याची गाठ सोडत विचारलं. "लांबवालीच ना गं?"

तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

मास्तर गुडघे टेकून पलंगाखाली शिरले आणि पेटी ओढून काढली. सांध्यांवरचं बूच सुकलं होतं, तुकडे नीट बसेनात, थुंकी लावून बसवले. ते समोर बसले, पत्ती ओठांत धरली आणि फुंक न मारता बोटं चालवली. एकही बोट चुकलं नाही. किती दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला. हात पोटावर ठेवून ती ऐकत होती, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची तशी. थांबा आला. तिने तोंड उघडलं.

"अ..." ती म्हणाली. "अ..."

मानेच्या शिरा ताठ झाल्या. मास्तर पुढे झुकले. सवयीने मन मोजत होतं, आणि मोजणं संपलं तशी त्यांची बोटं सवयीनेच पुढे निघाली. तिने पट्टीवर दाणकन हात आपटला.

"चुकलं, चुकलं," मास्तर घाईघाईने म्हणाले. "पुन्हा घेतो. पहिल्यापासून घेतो."

पुन्हा घेतलं. त्या दुपारी किती वेळा घेतलं याला गणती नाही. प्रत्येक वेळी थांब्यापर्यंत दोघं मजेत यायचे आणि थांब्यात दोघांचा जीव कोंडायचा.

संध्याकाळी लेक आली. तिला आधी वाटलं, बाबांना आता भास व्हायला लागले. मास्तरांनी वाजवून दाखवलं. आईचा चेहरा बघून लेक चप्पल न काढताच खाली बसली.

"माझ्या लग्नाचं यातच सांगितलं होतं ना आईने?" तिने हळूच विचारलं.

"यातच."

मग ती पलंगापाशी सरकली. "आई, माझ्याबद्दल आहे का काही? बाबांचं? कुठे दुखतंय का तुझं? कुणाला बोलावू?" आई प्रत्येकाला मान हलवत होती. शेवटी लेकीने विचारलं, "चहा हवाय?" त्यालाही मान हलली. लेक आत गेली आणि तिने मोरीचा नळ सोडला. बाहेर मास्तरांना नळाच्या आवाजातूनही तिचं रडणं कळत होतं. 

बोलायला शिकवणारी मुलगी मात्र हे ऐकून उठूनच उभी राहिली. "कधीकधी बोलणं जातं तरी चालीला बांधलेले शब्द परत येतात, आजोबा," ती म्हणाली. "रोज करा. सोडू नका." मास्तर कसले सोडताहेत! रोज दुपारी जेवणं झाली की ते शर्ट बदलून समोर बसायचे. मावशी पहिले दोन दिवस तोंडाला पदर लावून हसल्या, मग त्यांनीही थांबा आला की भांडी घासणं थांबवायला सुरुवात केली.

आणि एका दुपारी शब्द आला. थांबा आला, तिने तोंड उघडलं आणि स्वच्छ, जुन्या आवाजात म्हणाली, "अहो."

 मावशींच्या हातातून पळी निसटली. "अहो" म्हणजे सुरुवात. प्रत्येक मोठी गोष्ट "अहो"नेच सुरू व्हायची. मास्तर वाट बघत राहिले. तिचे ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. पुढचं आलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढे पुढे तर "अहो"सुद्धा परत सापडेना.

मास्तरांनी मनात सगळं उलटंपालटं करून पाहिलं. काय असेल? लेकीच्या घरचं काही? माझ्या मागे तुम्ही कसे राहाल, असं काही? का मला खूप झालं आता, सोडा? का इतक्या वर्षांत जे कधी बोललो नाही ते? ते एकेक तिला विचारायचे आणि ती मान हलवायची. सगळ्यालाच हो. इतकी हो-हो करणारी बायको त्यांना जन्मात मिळाली नव्हती, आणि ती तुटक, भांडकुदळ बाई परत मिळावी म्हणून त्यांनी कवळीच काय, बोटंही काढून दिली असती. पण घेणारं कोणी नव्हतं.

पावलांना सूज आली. घास घशात अडकायला लागला. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना दारात मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता फारसं काही हातात नाही." मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

दुसऱ्या दुपारी त्यांनी रोजच्यासारखा शर्ट बदलला. मावशी बाजूला भिंतीशी बसल्या होत्या. लेकीने सुट्टी घेतली होती, ती आईच्या पायापाशी होती. मास्तरांनी लांबवाली धरली, नेहमीपेक्षा जरा सावकाश. टप, टपटप, टप. चाल थांब्यापाशी आली आणि थांबली. त्यांनी ठरवलं होतं, आज मोजायचंच नाही. लागेल तितका वेळ लागू दे. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वरच्या मजल्यावर कपडे आपटण्याचा आवाज आला, थांबला.

तिने तोंड उघडलं नाही. नुसती त्यांच्याकडे बघत होती. चेहरा लाल झाला नाही, मानेच्या शिरा ताठ झाल्या नाहीत. बराच वेळ तिने त्यांना पाहून घेतलं. मग डावा हात पोटावरून उचलला, पट्टीवर ठेवला, आणि बोटं हळूहळू पडायला लागली. ती सुरुवात नव्हती. तो थांब्यानंतरचा, पुढचा भाग होता.

"बाबा, काय म्हणतेय ती?" लेकीने विचारलं.

हं, घ्या पुढे, म्हणत होती. मास्तरांना ते शब्दांत ऐकल्याइतकं लख्ख कळलं. सांगायचं राहिलं ते राहिलं, आता पुढे घ्या, म्हणत होती. त्यांनी बोटं चाव्यांवर ठेवली. थांब्यातून जन्मात एकदाही न चुकलेली बोटं. ती हलेनात. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एकही उचललं गेलं नाही.

ती थांबली नाही. दोन-तीन जागी चुकली, एका ठिकाणी अडखळली, पण शेवटाकडे एकटीच वाजवत निघाली, आणि मास्तर पत्ती ओठांत धरून थांब्यातच बसून राहिले.